लाच भारतात, दंड अमेरिकेत: परदेशी कंपन्यांच्या लाचखोरीची चौकशी आपण केव्हा करणार?

बर्डीकर (धागाकर्ता)

भारतातल्या सरकारी कार्यालयांत लाच दिल्याबद्दल मोठ्या कंपन्यांनी दंड भरल्याच्या बातम्या वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तो दंड बहुधा अमेरिकेच्या तिजोरीत जमा झालेला असतो. पैसे इथल्या अधिकाऱ्याने घेतलेले असतात आणि त्याचा भुर्दंड इथला करदाता व इथला प्रामाणिक निविदाधारक सोसत असतो. हिशेब मात्र वॉशिंग्टनमध्ये चुकता होतो. नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा आणि मिहानमधल्या अनेक लहानमोठ्या उद्योगांचा परदेशी कंपन्यांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे हा विषय इथे सविस्तर मांडावासा वाटला.

ज्या कायद्याखाली हे दंड होतात, तो अमेरिकेचा फॉरेन करप्ट प्रॅक्टिसेस ॲक्ट १९७७ साली झाला. वॉटरगेट प्रकरणाच्या तपासात कंपन्यांचे गुप्त निधी उघडकीस आले, पुढे चौकशीत चारशेहून अधिक अमेरिकन कंपन्यांनी परदेशांत संशयास्पद रकमा दिल्याचे कबूल केले, आणि लॉकहीडच्या विमानांच्या प्रकरणात जपानचे माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना १९७६ मध्ये अटक झाली. परदेशी सरकारी अधिकाऱ्याला लाच देणे हा या कायद्याने गुन्हा ठरवला. त्याबरोबरच अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने हिशेबाच्या वह्या खऱ्या ठेवल्या पाहिजेत आणि अंतर्गत नियंत्रण नीट ठेवले पाहिजे, असे बंधन घातले. माझ्या मते या कायद्याचे खरे बळ त्या दुसऱ्या भागात आहे, कारण लाच सिद्ध करणे कठीण असले तरी खोटी नोंद कागदावरच सापडते.

भारताशी संबंधित काही प्रकरणे पाहू. २००८ मध्ये रेल्वेचे ब्रेक बनवणाऱ्या वॅबटेक या कंपनीने, तिच्या कोलकात्यातील उपकंपनीने रेल्वे मंडळाच्या कर्मचाऱ्यांना कंत्राटे मिळवण्यासाठी आणि मालाच्या तपासण्या वेळेवर लावून घेण्यासाठी पैसे दिल्याच्या प्रकरणात, अमेरिकेच्या न्याय विभागाला तीन लाख डॉलर दंड भरला. २०११ मध्ये डियाजिओ या मद्यकंपनीने दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. अमेरिकेच्या सेक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनचे, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाचे, म्हणणे असे की, भारतात शेकडो सरकारी कर्मचाऱ्यांना मिळून १७ लाख डॉलरहून अधिक पैसे दिले गेले होते. २०१७ मध्ये सीडीएम स्मिथ या अभियांत्रिकी कंपनीने सुमारे ४० लाख डॉलरचा नफा परत केला. तिच्या भारतीय शाखेने महामार्ग प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांना रस्त्यांच्या कंत्राटांसाठी जवळजवळ १२ लाख डॉलर दिले होते. २०१९ मध्ये कॉग्निझंटने चेन्नईतील संकुलाच्या बांधकाम परवानगीसाठी दिलेल्या २० लाख डॉलरच्या लाचेच्या प्रकरणात अडीच कोटी डॉलर भरून तडजोड केली. त्या प्रकरणातली पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पैसे कंपनीने स्वतः दिले नाहीत, ते कंत्राटदाराकडून दिले गेले, आणि पुढे वाढीव कामाच्या बिलांत त्याला ते भरून देण्याची व्यवस्था झाली.

ओरॅकलचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते. २०२२ मध्ये या कंपनीने तुर्कस्तान, संयुक्त अरब अमिराती आणि भारत या तीन देशांतल्या व्यवहारांबद्दल २.३ कोटी डॉलर भरले. रेल्वे मंत्रालयाची बहुसंख्य मालकी असलेल्या एका वाहतूक कंपनीशी झालेल्या सौद्यात भारतीय विक्री कर्मचाऱ्यांनी मोठी सूट मंजूर करून घेतली, आणि त्यांच्यापैकी एकाने ठेवलेल्या तक्त्यात ६७ हजार डॉलर ही रक्कम एका अधिकाऱ्यासाठी उपलब्ध राखीव म्हणून दाखवलेली होती. म्हणजे लाचेचीही रीतसर नोंद होती. तो तक्ता अमेरिकेच्या नियामकापर्यंत पोहोचला. आपल्या दक्षता यंत्रणेपर्यंत असे कागद आधी का पोहोचत नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

आता तर अमेरिकेचीही खात्री राहिलेली नाही. १० फेब्रुवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या कायद्याखालची नवी कारवाई १८० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला, आणि जूनमध्ये न्याय विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वे देऊन अमेरिकन कंपन्यांचे नुकसान, गुन्हेगारी टोळ्या आणि राष्ट्रीय सुरक्षा यांच्याशी जोडलेल्या प्रकरणांना प्राधान्य दिले. दुसऱ्या देशाच्या कायद्याच्या भरवशावर आपली स्वच्छता ठेवणे किती तकलादू असते, ते यातून दिसते. जाणकारांनी यावर सविस्तर लिहावे, ही विनंती.

सदरची_वकील

बर्डीकर सर, धाग्याबद्दल आभार. यात दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून लिहिते.

पहिला प्रश्न भारतीय अधिकाऱ्याला इथे दिलेल्या लाचेचा. त्यासाठी आपल्याकडे कायदा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ साली मोठी दुरुस्ती झाली आणि लाच देणारा थेट गुन्हेगार ठरला. कलम ८ खाली त्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कलम ९ खाली व्यापारी संस्था, मग ती परदेशात नोंदलेली पण भारतात व्यवसाय करणारी असली तरी, तिच्या वतीने कोणी लाच दिल्यास दंडास पात्र ठरते. आपण लाच रोखण्यासाठी पुरेशी व्यवस्था ठेवली होती, हा तिचा बचाव असू शकतो, पण तो सिद्ध करण्याची जबाबदारी तिचीच असते. संचालकाच्या संमतीने किंवा मूकसंमतीने हे घडले असेल, तर कलम १० त्याला वैयक्तिकरीत्या पकडते. ही रचना ब्रिटनच्या २०१० च्या ब्रायबरी ॲक्टमधल्या कलम ७ शी मिळतीजुळती आहे.

दुसरा प्रश्न भारतीय कंपनीने परदेशी अधिकाऱ्याला दिलेल्या लाचेचा, आणि तिथे आपली पाटी कोरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारावर आपण २०११ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच्या कलम १६ नुसार परदेशी लोकसेवकाला लाच देणे हा गुन्हा ठरवणे आपल्यावर बंधनकारक आहे. त्यासाठी २०११ मध्ये लोकसभेत विधेयक आले आणि पंधरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर २०१४ मध्ये ते बारगळले. ऑगस्ट २०१५ मध्ये विधि आयोगाने आपल्या २५८ व्या अहवालात नव्या मसुद्यात सुधारणा सुचवल्या. पुढे काही झाले नाही. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या १९९७ च्या लाचखोरीविरोधी करारातही भारत सामील नाही. आफ्रिकेत किंवा आग्नेय आशियात आपल्या कंपन्या मोठमोठी कामे घेत असताना ही उणीव लाजिरवाणी आहे, असे मी विचारपूर्वक म्हणते.

नागपूरकरांना उपयोगी पडेल असा एक मुद्दा. अमेरिकेच्या कायद्यात परदेशी अधिकारी म्हणजे केवळ मंत्री, सचिव किंवा बाबू नव्हेत. सरकारच्या ताब्यातील आणि सरकारचे म्हणून काम करणाऱ्या उपक्रमाचा कर्मचारीही त्यात येतो, असा निकाल तिथल्या अकराव्या सर्किट या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये हैतीच्या सरकारी दूरध्वनी कंपनीच्या प्रकरणात दिला. त्यामुळे वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), मॉइल किंवा महामेट्रो या सरकारी कंपन्यांच्या कार्यालयात जाणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या वितरकाने, हे तर कंपनीचे लोक आहेत, सरकारी नव्हेत, अशा समजुतीत राहू नये.

हिंगणेकर

मी सुट्या भागांचा लहान कारखाना चालवतो आणि एका परदेशी कंपनीच्या भारतीय शाखेला माल पुरवतो. वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु या सगळ्याचा भार शेवटी कोणावर पडतो, तेही मांडले पाहिजे.

आमच्याकडे दरवर्षी लांबलचक प्रश्नावली येते. तुमच्या कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत आहे काय, तुम्ही लायझनिंग एजंट नेमता काय, त्याला टक्केवारीने पैसे देता काय, आमच्या लेखापरीक्षकांना तुमच्या वह्या पाहू द्याल काय, असे सारे लेखी द्यावे लागते. करारात एक कलम असते की, संशय आला तरी करार तत्काळ रद्द होईल. मोठी कंपनी पकडली गेली, तर ती दंड भरते, दोन-तीन अधिकारी बदलते आणि व्यवसाय चालू ठेवते. माझ्यासारख्याचा करार रद्द झाला, तर कारखान्याला कुलूप लागते.

दुसरे असे की, लाच देणारा नेहमी हौसेने देत नाही. एका परवान्यासाठी माझी फाईल एका कार्यालयात अडकवून ठेवली गेली. प्रत्येक वेळी नवी त्रुटी निघत होती, आणि फाईलवर वजन ठेवल्याशिवाय ती हलणार नाही, असे मला सरळ सांगण्यात आले. मी पैसे दिले नाहीत. परवाना उशिरा मिळाला आणि तोपर्यंत ज्या ऑर्डरसाठी तो हवा होता, ती दुसऱ्याकडे गेली होती. त्या अधिकाऱ्याला काहीही झाले नाही. अमेरिकेचा कायदा देणाऱ्याला पकडतो, पण मागणाऱ्याचे काय?

शिवाय, कंटेनर डेपोत माल सोडवताना किंवा तपासणीच्या वेळी जे किरकोळ चहापाणी मागितले जाते, ते या कायद्यांत बसते की नाही, हेही कोणी स्पष्ट करावे.

लेखापरीक्षक_धंतोली

हिंगणेकर भाऊ, चहापाण्याचे आधी सांगतो, कारण यात पुष्कळ गैरसमज आहेत. अमेरिकेच्या कायद्यात नेहमीचे सरकारी काम वेळेवर करून घेण्यासाठी दिलेल्या लहान रकमेला एक अरुंद सवलत आहे. अधिकाऱ्याला जे काम करायचेच आहे, ते लवकर करणे एवढ्यापुरतीच ती आहे. कंत्राट कोणाला द्यायचे, यासारख्या निर्णयाला ती लागू नाही. ब्रिटनच्या कायद्यात अशी सवलत मुळीच नाही. आणि आपल्या भारतीय कायद्यात ती रक्कम कितीही लहान असली तरी लाचच आहे. म्हणून, अमेरिकेत चालते तर इथे का नको, असे कोणी सल्लागार सांगत असेल, तर त्याला दूर ठेवा.

आता वह्यांबद्दल. बर्डीकर सरांनी म्हटल्याप्रमाणे खोटी नोंद हाच तपासाचा धागा असतो, आणि सीमेन्सचे प्रकरण त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. डिसेंबर २००८ मध्ये त्या जर्मन कंपनीने अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर भरले. अनेक देशांत लाच दिल्याचे तपशील समोर असूनही मूळ कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला, तो वह्या आणि अंतर्गत नियंत्रण यांच्यासंबंधीचा. जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशात दिलेली लाच करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येत असे, हे आज खरे वाटणार नाही. कायदा बदलला, तरी कंपनीच्या अंगवळणी पडलेली सवय बदलली नाही.

आपल्याकडे हाच दरवाजा २०२२ च्या वित्त अधिनियमाने बंद केला. गुन्हा ठरणारा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून वजा होत नाही, हे आयकर अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये आधीपासून होते. २०२२ च्या स्पष्टीकरणाने त्यात भारताबाहेरील कायद्याखालचा गुन्हाही आणला. म्हणजे परदेशी अधिकाऱ्याला लाच देणे हा आपल्या फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हा नसला, तरी त्या देशात तो गुन्हा असल्यामुळे आयकर अधिकारी तो खर्च नाकारू शकतो. संसदेने फौजदारी बाजूला जे केले नाही, ते कराच्या बाजूने अंशतः झाले आहे, आणि माझ्या मते या विषयावरच्या चर्चांत त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही.

प्रत्यक्ष तपासणीत लाच कधीही लाच या नावाने दिसत नाही. सल्ला शुल्क, विक्री प्रोत्साहन, साइट खर्च, वितरकाला दिलेली जादा सूट, न झालेल्या कामाचे पूरक बिल, अशी तिची रूपे असतात. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १४३ नुसार एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा गैरव्यवहार कंपनीच्या अधिकाऱ्यांनी वा कर्मचाऱ्यांनी केल्याचे आढळल्यास लेखापरीक्षकाने केंद्र सरकारला कळवणे बंधनकारक आहे. आमच्या व्यवसायाने हे कर्तव्य अधिक धैर्याने पार पाडले पाहिजे, अशी माझी स्पष्ट भूमिका आहे.

वर्धा_रोड

माझे मत थोडे वेगळे आहे. अमेरिकेच्या या कारवाईला नीतिमत्तेचे कार्य समजणे मला पटत नाही. मोठ्या दंडांची यादी पाहिली, तर त्यात सीमेन्स, अल्स्टॉम, एअरबस अशा युरोपीय कंपन्या ठळक दिसतात. अल्स्टॉमने २०१४ मध्ये ७७.२ कोटी डॉलर दंड मान्य केला आणि त्याच सुमारास तिचा ऊर्जा व्यवसाय अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडे चालला होता. फ्रान्समध्ये त्यावर मोठा रोष होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी अदानी समूहाच्या प्रमुखांवर सौरऊर्जेच्या कंत्राटांसंबंधी आरोप ठेवले, तेव्हा समूहाने ते फेटाळले आणि आपल्याकडेही, हा अधिकार अमेरिकेला कोणी दिला, असा प्रश्न विचारला गेला. आरोपांच्या खरेखोटेपणात मी जात नाही. प्रश्न अधिकाराचा आहे.

बर्डीकर (धागाकर्ता)

वर्धा_रोड, तुमचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, पण फ्रान्सचे उदाहरण पूर्ण पाहिले, तर ते माझ्या म्हणण्याला बळ देते. अल्स्टॉमच्या अनुभवानंतर फ्रान्सने डिसेंबर २०१६ मध्ये सापँ-दोन नावाचा कायदा केला, भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र संस्था उभारली आणि कंपनीने न्यायालयाच्या देखरेखीखाली तडजोड करण्याची तरतूद केली. जानेवारी २०२० मध्ये एअरबसने फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका यांना मिळून ३.६ अब्ज युरो देण्याचे मान्य केले. त्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे २.१ अब्ज युरो, फ्रान्सला मिळाला. ज्याच्याकडे स्वतःचा कायदा आणि तो चालवणारी स्वतःची माणसे आहेत, त्यालाच त्या टेबलावर खुर्ची मिळते. अमेरिकेने कारवाई थांबवली, त्यानंतर मार्च २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड यांनी एकत्र कृतिदल स्थापन केले. त्यात आपण नाही आणि आज आपण असूही शकत नाही, कारण परदेशी लाचखोरीचा गुन्हाच आपल्या कायद्यात नाही.

ज्या देशात लाच दिली गेली, त्या देशाला पैसे परत मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. बीएई सिस्टिम्स या ब्रिटिश संरक्षण कंपनीने टांझानियाला रडार विकल्याच्या प्रकरणात २०१० च्या तडजोडीनुसार २.९५ कोटी पौंड टांझानियाच्या जनतेसाठी द्यायचे ठरले, आणि ते शाळांची पाठ्यपुस्तके आणि बाके यांसाठी वापरले गेले. २०१५ मध्ये स्टँडर्ड बँकेच्या प्रकरणातही त्याच देशाच्या सरकारला ६० लाख डॉलर आणि व्याज मिळाले. रोल्स-रॉइसने २०१७ मध्ये ब्रिटनशी सुमारे ४९.७ कोटी पौंडांची तडजोड केली, तेव्हा आरोपांच्या तपशिलात भारतातल्या मध्यस्थांचाही उल्लेख होता. अशा प्रत्येक प्रकरणात भारताने नुकसान झालेला पक्ष म्हणून अधिकृतपणे उभे राहिले पाहिजे.

हे सारे दूरच्या देशांचे प्रश्न आहेत, असे वाटत असेल, तर आपली मेट्रो आठवा. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेचे ५० कोटी युरोंचे आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचे १३ कोटी युरोंचे कर्ज आहे. केएफडब्ल्यूच्या पैशांतून होणाऱ्या कामाची निविदा भरणाऱ्याला भ्रष्ट व्यवहार न करण्याचे हमीपत्र द्यावे लागते. अशी अट कर्ज देणारा घालतो. कर्ज फेडणारे आपण आहोत, म्हणून ती पाळली जाते की नाही, हे पाहण्याचा अधिक हक्क आपला आहे.

सदरची_वकील

भारतात काहीच होत नाही, असा समज होऊ नये म्हणून एक उदाहरण नोंदवते. जुलै २०१५ मध्ये लुई बर्जर या अमेरिकन सल्लागार कंपनीने भारतासह चार देशांत लाच दिल्याचे मान्य करून १.७१ कोटी डॉलर दंड स्वीकारला. त्यात गोव्यातील जपानच्या कर्जावर चाललेल्या पाणी व मलनिस्सारण योजनेचा समावेश होता. ते कागद जाहीर होताच गोवा पोलिसांच्या गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या एका माजी मंत्र्याला अटकही केली. म्हणजे इच्छा असेल, तर यंत्रणा हलू शकते.

अडचण अशी की, अमेरिकेच्या कागदांत भारतीय अधिकाऱ्याचे नाव सहसा नसते. नाव, बँकेचे तपशील आणि ई-मेल मागवण्यासाठी भारत आणि अमेरिका यांच्यातला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार २००५ पासून लागू आहे. परंतु अधिकाऱ्याने पदावरून दिलेल्या शिफारशीची किंवा निर्णयाची चौकशी करण्यापूर्वी भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १७-अ खाली सरकारची पूर्वमान्यता लागते, आणि इतका वेळ जातो की साक्षीदार निवृत्त होतात व कागद नष्ट होतात. अमेरिकेत लाचेच्या आरोपासाठी साधारण पाच वर्षांची मुदत असते, त्यामुळे तिथली चौकशी आपल्यासाठी थांबत नाही. माझी मागणी साधी आहे: परदेशात भारताशी संबंधित तडजोड जाहीर झाली की, ठरावीक मुदतीत कागद मागवणे आणि त्यावर काय केले, ते संसदेसमोर ठेवणे तपास यंत्रणेला बंधनकारक असावे.

हिंगणेकर भाऊंच्या प्रश्नाचेही उत्तर राहिले. मागणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यालाही गुन्हेगार ठरवणारा कायदा अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये केला आहे. पण तुमच्या कामाला तो येणार नाही, तुम्हाला आपलाच कायदा वापरावा लागेल.

हिंगणेकर

ताई, मग ज्याच्याकडे मागणी झाली आहे आणि ज्याला पैसे द्यायचे नाहीत, त्याने नेमके काय करावे? आणि नाइलाजाने दिले गेले असतील, तर?

सदरची_वकील

पैसे देण्याआधी तक्रार करणे हे सर्वांत सुरक्षित. राज्य सरकारचा किंवा महापालिकेचा कर्मचारी असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जावे, त्यांचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे. केंद्र सरकारचा किंवा केंद्रीय उपक्रमाचा कर्मचारी असेल, तर सीबीआयच्या नागपूर शाखेकडे जावे. आधी यंत्रणेला कळवून, तिच्या सापळ्यासाठी पैसे दिले, तर देणाऱ्यावर कलम ८ लागत नाही.

नाइलाजाने, म्हणजे खरोखर भाग पाडले गेल्यामुळे पैसे दिले असतील, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवल्यास कलम ८ खाली गुन्हा ठरत नाही. ही मुदत उलटू देऊ नका, कारण आठव्या दिवशी तुम्ही पीडित न राहता आरोपी होऊ शकता. मागणी कोणत्या तारखेला, कोणी आणि कोणत्या कामासाठी केली, ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

लेखापरीक्षक_धंतोली

त्यात एक भर. ती रक्कम वहीत दुसऱ्या कोणत्याही नावाने खर्ची टाकू नका. जे घडले, तेच लिहा आणि तक्रारीची पोच त्या व्हाउचरला जोडा. परदेशी ग्राहकाशी झालेल्या करारात असा प्रसंग कळवण्याची अट असेल, तर त्यांनाही त्याच आठवड्यात लेखी कळवा, आणि पत्र पाठवण्यापूर्वी वकिलांकडून एकदा तपासून घ्या.